चुंबळ, डवरा आणि कोंडवाडा : अंगणवाडीतल्या पोरांना बुद्धिबळ शिकवताना

पहिल्या दिवशी मी नवाकोरा सेट आणला, ३२ मोहरे पटावर नीट मांडले आणि पंधरा पोरं भोवती बसवली. दहा मिनिटांत पटावर काही उरलं नव्हतं. एकाने चारही घोडे दारामागे नेऊन गोठा केला, एकीने वजिराला ओढणीत गुंडाळून थोपटायला घेतलं, आणि पांढरा राजा दुपारी खिचडीच्या गंजात सापडला. मदतनीस बाईंनी तो धुऊन माझ्या हातावर ठेवला. बोलल्या काही नाहीत.

चूक माझीच होती. चार वर्षांच्या लेकरासमोर सहा तऱ्हेचे मोहरे एकदम ओतले तर ते घरघरच खेळणार. तेव्हापासून माझी पद्धत एकच आहे: एका वेळी एकच मोहरा, आणि तोही पोराने आधी स्वतः व्हायचं, मग हातात घ्यायचा. अख्खा डाव पहिलीत जाईपर्यंत आला नाही तरी चालतो. आमच्याकडे बहुतेकांना येतच नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. बुद्धिबळ मला सासऱ्यांनी शिकवलं. श्रावणात झड लागली, वावरात पाय ठेवता येईना, की ते ओसरीत पट मांडायचे. जोडीदार आला नाही तर मला हाक यायची, "बस वं सूनबाई, एक डाव टाकू." मी कणकेच्या हातानं चाली शिकले. ते देशी पद्धतीनं खेळायचे; त्यात प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर पुढे सरकतं, दोन नाही. लहान पोरांसाठी मी तोच नियम ठेवला आहे. एक तर लक्षात ठेवायला सोपा. दुसरं म्हणजे, दोन घरांची उडी आली की शेजारून निसटलेल्या प्याद्याला वाटेत उचलायचा तो किचकट नियमही मागून येतो, आणि तो समजावताना मोठी माणसंही अडखळतात. उडी नसली की तो प्रश्नच उरत नाही.

आधी जमीन

पट हा आधी पायाखाली हवा. एक फुटाचं एक घर, म्हणजे ८ फूट बाय ८ फूट. चार-पाच वर्षांचं पोरगं एका फुटाच्या चौकोनात दोन पाय ठेवून आरामात उभं राहतं. अंगणवाडीपुढे कोबा असेल तर ऑइल पेंट; नसेल तर सारवलेल्या अंगणात छुई, म्हणजे पांढरी माती. रांगोळी दोन दिवस टिकते आणि छुई पहिल्या पावसापर्यंत, तेव्हा झडीच्या आधी हौसेनं आखलेला पट वाहून गेला तर रडू नका. माझा दोनदा गेला आहे.

आखायला सुतळी घ्या आणि फुटाफुटावर गाठी मारा. काटकोनासाठी गवंड्याची युक्ती वापरा: कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट, आणि त्या दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर ५ फूट. चारही बाजू झाल्या की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही साधारण ११ फूट ४ इंच भरले पाहिजेत. मी पहिल्यांदा हे न करता अंदाजानं आखलं होतं आणि पटाची शंकरपाळी झाली होती.

रंगवायची घरं ३२च. कोब्याचा रंग काळपट असला तर पांढरी तेवढी रंगवा. खेळणारा ज्या बाजूला उभा राहील त्याच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं यायला हवं. रंगवून झाल्यावर उलटं आलं असं दिसलं तर घासत बसू नका, स्वतः शेजारच्या बाजूला जाऊन उभे राहा. चौरस पट आहे, पाव फेरी घेतली की कोपरा बरोबर येतो.

पहिले दोन-तीन आठवडे एकही मोहरा नाही. नुसतं चालायचं. मी "काळं" म्हटलं की सगळ्यांनी काळ्या घरात, "पांढरं" म्हटलं की पांढऱ्यात. चुकलेल्याला बाद करायचं नाही, त्याला पुढची हाक द्यायला लावायचं. मग "तासानं चला". तास म्हणजे पिकाची ओळ; हा शब्द आमच्या पोरांना समजवावा लागत नाही. मायसोबत निंदणाला गेलेलं लेकरू पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन तासांमधून चालतच मोठं होतं. उभा तास झाला की आडवा. शेवटी तिरपं: पांढऱ्या कोपऱ्यातून निघून समोरच्या पांढऱ्या कोपऱ्यापर्यंत, आठ घरं, काळ्यावर टाच न टेकवता. हे वाटतं तितकं सोपं नाही. तीन वर्षांचं पोर दुसऱ्याच घरात काळ्यावर सांडतं, आणि त्यात काही बिघडत नाही. तिरपं न पडता जाणारं पोर पुढच्या खेळाला तयार झालं, एवढीच माझी परीक्षा. जे तयार नाहीत त्यांना काळं-पांढरं खेळू द्या, वर्षभर खेळू द्या.

प्याद्याच्या डोक्यावर भारा

लोक घोड्याला घाबरतात, पण लहान पोरांना सगळ्यात जड जातं ते प्यादं. सरळ चालतं आणि मारतं मात्र तिरपं. "असं काऊन?" याला उत्तर नाही. मी उत्तर शोधत दोन वर्षं घालवली, आणि मग एक दिवस रस्त्यानं तुऱ्हाट्यांचा भारा घेऊन येणारी बाई पाहिली. भारा डोक्यावर असला की मागे वळता येत नाही, धावता येत नाही, एकेक पाऊल पुढे. समोर कोणी आडवं आलं तर थांबायचं. पण कोपरं मोकळी असतात.

झालं. आमच्याकडे प्यादं होणाऱ्या पोराच्या डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ असते. ती सांभाळायची तर पाऊल आपोआप एकच पडतं. समोरच्या घरात कोणी उभं असेल तर थांबायचं. आणि पुढच्या तिरप्या घरात, उजवीकडे किंवा डावीकडे, समोरच्या संघाचं कोणी आलं तर कोपरखळी द्यायची आणि त्याच्या घरात जाऊन उभं राहायचं. कोपरखळी हवेतच द्यायची, हे आधी सांगा. मी नंतर सांगितलं.

पहिला खेळ इथेच सुरू होतो. पाच बाय पाचचा तुकडा सुतळीनं वेगळा करा, अलीकडच्या ओळीत पाच पोरं, पलीकडच्या ओळीत पाच. एका संघाला पांढऱ्या चुंबळी, दुसऱ्याला काळ्या. एकदा यांनी एक चाल, एकदा त्यांनी. ज्या संघाचं प्यादं आधी पलीकडच्या धुऱ्यावर पोचलं तो संघ जिंकला. पोचलेल्यानं भारा उतरवायचा आणि मोठ्यानं ओरडायचं, "म्या वजीर झालो!" प्याद्याचा वजीर होतो हा नियम असा पहिल्याच खेळात येऊन जातो, कोणी न शिकवता.

हा एकच खेळ आम्ही जुलै-ऑगस्ट सगळा खेळतो. माझ्या मते बालवाडीतल्या बुद्धिबळाचा अर्धा माल यातच आहे: पाळी येईपर्यंत थांबणं, आपण सरकलो की कोणाच्या कोपराखाली येतो ते पाहणं, आणि "माह्यी बारी" म्हणून ओरडणाऱ्याला "नाही, त्याची" असं पोरांनीच सांगणं.

"मारलं" हा शब्द मात्र मी काढून टाकला. एका पोराला "तुले मारलं" म्हटल्यावर त्यानं समोरच्याच्या दंडाला असा चावा घेतला की दोन दिवस वळ राहिला. आता आम्ही "उचललं" म्हणतो. उचललेला पारावर बसतो, म्हणजे भिंतीजवळच्या ओट्यावर, आणि पारावरच्यांचं काम टाळ्या वाजवायचं. पारावर बसणं पोरांना इतकं आवडलं की काही जण मुद्दाम उचलून घ्यायला लागले. त्यावर माझ्याकडे अजून इलाज नाही.

त्या चाव्याच्या पायी पोराचा बाप भांडायला आला. "मॅडम, पोट्ट्याले जुगार काऊन शिकवून राह्यल्या?" पट दिसला की आमच्याकडे काहींना पत्तेच आठवतात. मी वाद घातला नाही. त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि प्यादं म्हणून उभं केलं. गडी एकदम दोन घरं चालून गेला. पोरगं मागून ओरडलं, "बाबा, एकच घर! डोक्यावर भारा हाये ना!" त्यानंतर तो अधूनमधून येऊन उभा राहू लागला.

हत्ती, उंट

हत्तीसाठी सासरे म्हणायचे, "हत्ती म्हणजे शकुंतला, रूळ सोडत नाही." मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोट्या रुळांची गाडी दारव्ह्यावरूनच जायची, उपमा नामी होती. पण आताच्या पोरांनी ती गाडी पाहिलेलीच नाही, त्यांना रूळ कुठला कळणार. म्हणून मी डवरा घेतला, तण काढायला बैल ओढतात तो. डवरा तासातून सरळ जातो, कितीही लांब जातो, आणि चौफुलीवर, म्हणजे उभ्या-आडव्या सारख्या अंतरावर, लावलेली पऱ्हाटी असली तर आडवाही चालतो. तिरपा घातला तर झाडं मोडतात, आजोबा ओरडतात. वाटेत कोणी उभं असेल तर डवरा त्याच्यावरून उडी मारत नाही. हत्तीचे सगळे नियम यात आले.

हत्तीचा खेळ म्हणजे वेचणी. पटावर चार-पाच घरांत कापसाचे पुंजके ठेवायचे. हत्ती झालेल्या पोराने कमीत कमी चालींत सगळे वेचून आणायचे. कापूस घरूनच येतो, तोटा नाही. पाच वर्षांच्या पोरांना दुसरा एक खेळ द्या: हत्ती कोणत्याही घरात उभा करा आणि एका चालीत तो जिथे जिथे पोचेल तिथे एकेक खडा ठेवायला सांगा. रिकाम्या पटावर खडे १४ भरतात. कोपऱ्यात उभा करा, १४. मधोमध उभा करा, १४. पोरांना हे पटत नाही, ती परत मोजतात, तिसऱ्यांदा मोजतात. मोजायला बसवण्यासाठी मला याहून चांगली युक्ती सापडलेली नाही. मग उंटाची पाळी आली की तोच खेळ: कोपऱ्यात ७, मधल्या घरांत १३. मधोमध उभं राहणं का फायद्याचं, ते इथे कळतं. मी बोलून दाखवत नाही.

उंट मी दिवाळीनंतरच काढते. त्या सुमाराला वावरं मोकळी व्हायला लागतात आणि कच्छकडचे रबारी मेंढ्या-उंट घेऊन आमच्या शिवारातून फिरतात. पोरांनी उंट तिरपा वावर तोडत जाताना डोळ्यांनी पाहिलेला असतो. "उंटाच्या पायाला रंग लागला आहे," एवढं एक वाक्य पुरतं: पांढऱ्या घरातला उंट जन्मभर पांढऱ्यातच, काळ्यातला काळ्यातच. दोन उंट दोन रंगांत उभे करून एकमेकांना शिवायला लावा. पाच मिनिटं धावतील, मग एखादी पोरगी थांबून म्हणेल, "मॅडम, हे कधीच नाही शिवू शकत." आमच्याकडे ते म्हणायला एका वर्षी तीन दिवस लागले. मी दम धरला. तुम्हीही धरा.

घोडा की बैल

"घोडा अडीच घरं" हे वाक्य मोठ्यांसाठी आहे. मी ते एका पोरीला सांगितलं तेव्हा ती दोन घरं चालली आणि पुढचा पाय बरोबर रेघेवर ठेवून उभी राहिली. अर्धं घर. तिचं काही चुकलं नव्हतं.

पोरांसाठी: दोन घरं सरळ, मग एक बाजूला. पायांना हे बिल्लसच्या, म्हणजे आखलेल्या घरांतून लंगडत जायच्या खेळामुळे आधीच येतं. उड्या मारत मोजायचं, "एक, दोन, वळ!" घोडा मधल्यांच्या डोक्यावरून उडी मारतो, हे दाखवायला वाटेतल्या घरांत दोन पोरांना उकिडवं बसवा. हात धरून ओलांडू द्या. लंगडीत पडतात तशी इथेही पडतात.

घोड्याची चाल बरोबर पडली की नाही हे पोरांना स्वतःच तपासता येतं. पांढऱ्या घरातून निघालेला घोडा काळ्यातच उतरतो, काळ्यातला पांढऱ्यात. ज्या रंगावरून निघालास त्याच रंगावर आलास तर मोजणी चुकली, परत जा. हे एकदा समजलं की "मॅडम, बरोबर का?" हा प्रश्न बंद होतो, आणि पंधरा पोरं एकटीनं सांभाळणाऱ्या बाईला त्याची किंमत विचारा.

घोडा मी तान्ह्या पोळ्याला जोडून घेते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. एका वर्षी ती तशीच बैल ओढत पटावर आली. घोड्याच्या जागी बैल उभे राहिले, चाकांवर अडीच घरं चालले, आणि उडी मारायची वेळ आली की मालक त्यांना उचलून पलीकडे ठेवू लागले. मी घोडा म्हणा असा आग्रह धरला नाही. त्या तुकडीतली पोरं आता जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत आणि त्यांतली दोन अजून "बैल दिला" म्हणतात.

वजीर शक्य तितका उशिरा

वजिरात शिकवण्यासारखं काही नाही. हत्ती अधिक उंट, संपलं. पण एकदा वजीर हाती लागला की पोरांना दुसरं काहीच नको होतं, म्हणून तो संक्रांतीच्या आधी काढू नका.

एक नावाचा घोळ होतो. घरच्या मोबाइलवर त्याला राणी म्हणतात, मी वजीर म्हणते. पोरींना राणी व्हायचं असतं. होऊ द्या, दोन्ही चालतं. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून, वयाच्या १९ व्या वर्षी, आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. त्यानंतर गावातल्या बाया मला विचारू लागल्या, "आमच्या पोट्टीले पण शिकवता का तसं?" चांगलंच झालं, तोवर पोरींना पटाजवळ बसवणारे कमी होते. पण लगेच पुढचा प्रश्न येतो, "स्पर्धा कधी असते?" चार वर्षांच्या पोरीच्या आईला मी सरळ सांगते की तिला आधी हरून जेवता आलं पाहिजे.

खेळ: एक वजीर विरुद्ध आठ प्यादी. प्याद्यांतलं एक जरी पलीकडे पोचलं तरी प्यादी जिंकली. वजिराने सगळी उचलली तर वजीर. बरोबर खेळणाऱ्या हातात वजीर भारी आहे, पण आमच्याकडे तो बहुतेक वेळा हरतो, कारण वजीर झालेलं पोर एकाच्याच मागे लागतं. दोघा-दोघांनी सल्ला करून वजीर खेळवला की चित्र बदलतं.

राजा आणि कोंडवाडा

राजाला उचलायचं नसतं. हे पोरांना विचित्र वाटतं, कारण आतापर्यंत सगळ्यांनाच उचललं. मी कोंडवाड्याचं सांगते: मोकाट गुराला कोणी मारत नाही, कोंडतात. राजा एक घर चालतो, कुठल्याही दिशेनं. खडे ठेवून मोजलं तर कोपऱ्यात ३ घरं, मधोमध ८. म्हणून त्याला मधून हाकलत धुऱ्याकडे न्यायचं.

खेळायला दोन हत्ती आणि एक राजा. राजा मधोमध. पहिला हत्ती राजाच्या मागची आडवी ओळ धरून उभा राहतो. ती ओळ राजाला ओलांडता येत नाही. दुसरा हत्ती राजा उभा आहे त्याच ओळीत येऊन "शह!" म्हणतो. राजाला पुढे सरकावंच लागतं. आता पहिला हत्ती आपली ओळ सोडून राजाच्या नव्या ओळीत येतो आणि शह देतो. असे आळीपाळीनं, दोन गुराखी गाय हाकतात तसे. राजा एखाद्या हत्तीला शिवण्याइतका जवळ आला तर त्या हत्तीनं आपल्याच ओळीच्या दुसऱ्या टोकाला पळून जायचं. शेवटच्या ओळीत राजाला पुढे घर उरत नाही, तेव्हा सगळे मिळून ओरडतात, "कोंडवाडा!" मात हा शब्द मी नंतर सांगते. शह तोंडानं म्हणायचाच, हा आमचा कडक नियम; न म्हणता दिलेला शह परत घ्यावा लागतो. मोठ्यांच्या स्पर्धेत तसं नसतं, ते मोठे झाल्यावर कळेल.

शह नाही, पण हलायला जागाही नाही, असं झालं तर बरोबरी. एवढं सांगून पुढे जा. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्तीनं एकाच चालीत सरकणं, पहिलीत.

रडू आलं तर

येतंच. दोन गोष्टी चालतात. एक, बाजूबदल: डावाच्या मध्ये मी थाळी वाजवते आणि दोन्ही संघ जागा बदलतात. हरत होता तो आता जिंकणाऱ्यांच्या जागेवर उभा. आपल्या हातानं बिघडवलेली बाजू आता आपल्यालाच सांभाळायची, याचं पोरांना हसूच येतं. सुरुवातीचं वर्षभर कोण जिंकलं हे बाहेरच्या माणसाला सांगता येणार नाही असं ठेवा. दुसरी, वेळ: पंधरा मिनिटं, फार तर वीस. रंगात आलेला खेळ थांबवा. कंटाळल्यावर थांबवलेला खेळ दुसऱ्या दिवशी कोणी मागत नाही.

मोबाइलवरून शिकून आलेलं एखादं पोर निघतं. एकाच्या मोठ्या भावाने त्याला चार चालींतली मात पढवली होती: वजीर आणि उंट दोघांनी मिळून राजाशेजारच्या प्याद्यावर नेम धरायचा, कारण त्या प्याद्याला सुरुवातीला राजाशिवाय कोणी राखणदार नसतो. हे पोर सगळ्यांना हरवत सुटलं आणि बाकीचे खेळायला येईनात. मी त्याला रागावले नाही. त्याला शिक्षक केलं: ती मात कशी थांबवायची हे तूच सगळ्यांना दाखव. थांबवायचं कसं ते त्याला माहीतच नव्हतं. आठवडाभर डोकं खाजवत बसला आणि मग घोडा मध्ये आणून स्वतःच शोधून काढलं.

साधनं आणि धोका

पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या बालवाडीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं, खडे यांतून शिकवलं. आमच्या शिवारातही त्याची कमी नाही. पण निवडून घ्या. काळे मोहरे म्हणून एका आजीनं मला पिशवीभर बिब्बे आणून दिले होते. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात. ते मुळीच नको. गुंजा दिसायला देखण्या, पण विषारी, त्याही नको. वेचणीच्या दिवसांत माया पहाटेच वावरात जातात आणि मोठं पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येतं, तेव्हा अंगणवाडीत दोन वर्षांचं कोणीतरी असतंच. त्याच्या तोंडात मावेल असं काही पटावर ठेवू नका. धाकटं कोणी नसेल तेव्हाही चिंचोके, खडे तुमच्या हातानं मोजून द्या आणि मोजून परत घ्या. शेंगदाण्यांचं सैन्य मी एकदाच केलं. एक तर धाकट्यांच्या घशाला धोका, शिवाय चार मिनिटांत दोन्ही राज्यं खाऊन झाली.

डोक्यावरचे मुकुट म्हणजे जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या: हत्तीला मोज्याची सोंड, घोड्याला सुतळीची आयाळ, उंटाच्या पाठीला उशी. वजिराला फेटा. राजाला काहीही चालतं, त्याला भाव आपोआप येतो.

पायाखालून हातात

मार्चच्या सुमाराला ऊन चढतं, कोबा तापतो, आणि पट आत न्यावाच लागतो. इथे बऱ्याच जणांची गाडी अडते. पटावर उभं राहून घोडा झालेलं पोर छोट्या पटासमोर बसलं की हरवतं, कारण आतापर्यंत ते आत होतं, आता वरून पाहायचं आहे. मधली पायरी घ्या. एका पोराला उंच ओट्यावर चढवा, खाली पटावर बाकीची उभी, आणि वरच्याने नुसतं बोलून त्यांना चालवायचं: "तू दोन घरं पुढे, मग माह्याकडे वळ." आठ-दहा दिवस हे केलं की छोटा पट समोर आल्यावर बोट आपोआप चालतं. त्यातही आधी प्याद्यांचाच डाव, मग एकेक मोहरा मिळवा, ज्या क्रमानं पायानं शिकली त्याच क्रमानं.

पूर्ण मांडणी शेवटच्या महिन्यात. कोपऱ्यात हत्ती, त्याच्या शेजारी घोडा, मग उंट, मध्ये राजा-वजीर. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्यात. पुढे प्याद्यांची रांग. खेळून झाल्यावर मोहरे पोरांनीच मोजून कापडी पिशवीत भरायचे, १६ पांढरे आणि १६ काळे. आमच्या पिशवीत काळी प्यादी सातच आहेत. आठव्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं मोठं निळं झाकण असतं, आणि दर वर्षी नव्या तुकडीत त्याच झाकणाला वजीर करण्यावरून भांडण होतं.